आतली कडी

लोक समुद्र बघायला जहाजावर जातात. मी न्हाणीघर बघायला गेले. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग त्याची नजर माझ्या चाकाच्या खुर्चीवर पडते आणि त्याचं हसू तोंडातल्या तोंडात विरतं. हसा की खुशाल. मीही हसते. पण खरं तेच आहे.

झालं असं, की पुण्याला असलेल्या आमच्या लेकीनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, वाटेत एका बेटापाशी थांबायचं आणि परत यायचं. आमचे हे ऐकताक्षणी म्हणाले, "जहाज हलतं. खुर्ची घरंगळंल." हा माणूस फौजेत होता. बर्फात राहिला, वाळवंटात राहिला, पण माझी खुर्ची म्हटली की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतला गतिरोधकसुद्धा यांना अवघड वाटतो. खरं तर मीही नकोच म्हणणार होते. तेवढ्यात लेकीनं खोलीचे फोटो पाठवले. मोठा पलंग, बाल्कनी, बाल्कनीतून दिसणारं पाणी. शेवटचा फोटो न्हाणीघराचा होता. मी तो बोटांनी मोठा केला. दाराला आतून कडी होती आणि ती बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतकी खाली होती.

"जाऊया," मी म्हणाले.

त्या कडीचं एवढं काय, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या रस्त्यावर आमची गाडी घसरली आणि माझ्या मणक्याला मार बसला. कमरेखालचं सगळं गेलं. हात राहिले, जीभ राहिली. घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात मी हट्टानं एकटी अंघोळीला गेले आणि स्टुलावरून पडले, ती नेमकी दाराच्या आड. आमचं दार आत उघडणारं, वर आतून कडी. मी काही वेळ शुद्धीवर नव्हते. यांनी खांद्यानं दार फोडलं, मला उचललं आणि दुसऱ्या दिवशी नवं दार बसवलं, ते बिनकडीचं. तेव्हापासून मी अंघोळीला बसले की दार नुसतं लोटलेलं आणि बाहेर स्टुलावर हे. थोड्या थोड्या वेळानं खाकरायचं आणि विचारायचं, "झालं का गं?"

मायेनंच विचारत होते, मला का कळत नाही? पण बाईमाणसाला जगात एक तरी दार आपल्या हातानं लावता यावं. मला एकदा आतून कडी लावून अंघोळ करायची होती, बाहेर कुणी नाही अशी. आणि हे बोलायची सोय नव्हती. ज्यानं दार फोडून आपल्याला बाहेर काढलं, त्यालाच 'मला तुम्हाला बाहेर ठेवून दार लावायचंय' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी समुद्र, समुद्र करत राहिले.

मी जन्मभर शिवणकाम केलं. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही ही माझी सवय. सहलीच्या ऑफिसातली मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, रूम पूर्ण व्हीलचेअर-फ्रेंडली आहे." मी म्हटलं, "बाळ, फ्रेंडली राहू दे, दाराचं माप सांग." पलंग किती उंच? खुर्ची जागच्या जागी वळते का? नळाखाली गुडघे जातात, की तिथं कपाट आहे? न्हाणीघरात बसायला फळी आहे का, आणि धरायचा दांडा डाव्या हाताला की उजव्या? बिचारी दर वेळी "विचारून सांगते" म्हणायची. पण तिनं विचारलं आणि सगळी मापं पाठवली. माझं प्रत्येकाला हेच सांगणं असतं, की अशा खोलीचं कौतुक ऐकू नये, मापं ऐकावीत.

मापं आली आणि धाकट्या दिराच्या अंगात आलं. तो गावाकडं उसाची शेती बघतो आणि गावातल्या कबड्डीच्या सामन्यांना मैदान आखून देतो. म्हणाला, "वैनी, रविवारी या. तुमची खोली आखून ठेवतो." आम्ही गेलो, तर पठ्ठ्यानं अंगणात चुन्याच्या फक्कीनं अख्खी खोली आखलेली. इथं पलंग, इथं कपाट, इथं न्हाणी. शेजारीपाजारी बघायला गोळा झाले. मी खुर्ची आत घेतली, वळवली, न्हाणीत नेली, पलंगाजवळ लावली. चाक रेषेला लागलं की पोरं "औट!" म्हणून ओरडायची. एक म्हातारे गृहस्थ चपला बाहेर काढून त्या आखलेल्या खोलीत आले आणि म्हणाले, "ऐसपैस हाय की."

माझी जाऊ रांगोळीचा डबा घेऊन आली आणि दाराच्या जागी उंबरा काढायला लागली. मी म्हटलं, "आगं, उंबरा न्हाई त्या खोलीला."

"आसं कसं आक्का? उंबऱ्याबिगर खोली आसती व्हय?" तिनं उंबरा काढला, त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि उरलेलं पुडीत बांधून माझ्या हातात दिलं. "तितं गेल्या गेल्या वाहा. नवी जागा हाय."

तिच्या त्या उंबऱ्यावरून माझी खुर्ची गेली तेव्हा रांगोळी फिसकटली, आणि मला उगीचच बरं वाटलं. आयुष्यात अडवलं नाही असा तो पहिला उंबरा.

बंदरावर जहाजात चढायचा उतार लांब होता. यांनी मागून खुर्ची धरली होती, पण ढकलायला जहाजावरचा माणूस पुढे आला. हे काही मुठी सोडेनात. शेवटी दोघांनी मिळून मला वर नेलं, एखाद्या नवरीला न्यावं तसं. खोलीचं दार मोठं होतं पण जड. ते एका हातानं धरून दुसऱ्या हातानं चाक फिरवणं मला जमेना. आत मऊ गालिचा होता, त्यात चाकं रुतत होती. पलंग आमच्या घरच्यापेक्षा चांगलाच उंच निघाला. मापात मी गादी धरायला विसरले होते, शिंपिणीनं अस्तर विसरावं तसं. पण कपाटातला कपड्यांचा दांडा ओढला की खाली येत होता. आरशात मला माझं तोंड दिसत होतं, नुसता भांग नाही. बाल्कनीच्या दाराला लहानसा उंचवटा होता आणि त्यावर जहाजवाल्यांनी लाकडी उतार टाकला होता. आणि न्हाणीघर! खोलीची जमीन सरळ न्हाणीत जात होती. मध्ये ना पायरी ना पट्टी. भिंतीला घडीची फळी, हातात घ्यायचा फवारा, दोन्हीकडे दांडे. दार बाहेर उघडणारं. आणि ती कडी.

यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि दारात उभे राहिले. "हितं उंबराच न्हाई. वाहू कुठं?"

"द्या इकडं," म्हणून मी दाराच्या चौकटीला दोन बोटं लावली. जावेची तक्रार नको.

मग यांनी खोलीची तपासणी केली, फौजेतल्यासारखी. न्हाणीघरात भिंतीवरून एक लाल दोरी जमिनीपर्यंत लोंबत होती. "ही चाकात गुतंल," असं म्हणून यांनी ती वरच्या दांड्याला गुंडाळून गाठ मारली. यांची गाठ म्हणजे गाठ. मी तेव्हा कडी वाजवून बघत होते, माझं लक्ष नव्हतं.

जहाज सुटण्याआधी संकटात काय करायचं याची कवायत झाली. लिफ्ट बंद पडली तर मला जिन्यानं नेण्यासाठी वेगळी खुर्ची आहे, असं तिथल्या अधिकाऱ्यानं हिंदीत सांगितलं. हे लगेच म्हणाले, "मैं उठाऊंगा ना." तो अधिकारी नम्रपणे म्हणाला, "नहीं सर, आप अपनी लाइफ जैकेट संभालिए, मॅडम को हम लाएंगे." यांचा चेहरा पडला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मला उचलणं हे आता यांचं कामच झालं होतं. ते कुणी काढून घेतलं की यांना कळेना हातांचं काय करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "मी अंघोळ करून येते." हे उठले. मी म्हटलं, "एकटी." हे बसले. मी आत गेले, दार ओढलं आणि कडी लावली. टक् असा आवाज झाला. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

हातांवर जोर देऊन मी फळीवर सरकले. दवाखान्यात शिकवलेलं सगळं हात विसरले नव्हते. पाणी गरम होतं. मी डोळे मिटले. तेवढ्यात जहाजानं कूस बदलली आणि काहीतरी सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडून बघते तर खुर्ची समोरच्या भिंतीला जाऊन टेकलेली. कडीच्या आनंदात मी एकाच चाकाचा ब्रेक लावला होता.

यांनी सांगितलं होतं तसंच झालं. खुर्ची घरंगळली होती.

मदतीला बोलवायची ती लाल दोरी मी शोधली. ती माझ्या डोक्याच्या वर, दांड्याला, यांच्या गाठीत. बाहेरून खाकरणं ऐकू आलं. "झालं का गं?"

एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण मला पुढचं सगळं दिसलं. हे घाबरणार, दाराला खांदा लावणार, आणि मग घरी किंवा बाहेर, जन्मात परत कडी नाही. मी म्हटलं, "आवं, थांबा की जरा!" आणि आवाज हसरा ठेवला.

माझं माहेर माण तालुक्यातलं, मेंढरांच्या घरातलं. कळपातून पळणाऱ्या कोकराच्या मानेत लांबून दोरीचा फास टाकायला मी लहानपणी शिकले होते. मी पंचा ओला केला, पिळून त्याचा जाड पीळ केला, टोकाला फासासारखी गाठ मारली आणि खुर्चीच्या हातावर फेकला. चुकला. परत फेकला. साबणानं हात निसटत होते आणि मला रडू येत होतं, ते मी पाण्यात लपवत होते, जसं काही तिथं कुणी बघणार होतं. शेवटी फास खुर्चीच्या हातावर बसला. मी हळूहळू खुर्ची ओढली. कोकरासारखी आली बिचारी.

बाहेर आले तेव्हा यांच्या कपाळावर घाम होता. "लय येळ लागला," म्हणाले.

लपवावं असं मनात आलं होतं, पण मला ते जमत नाही. बाल्कनीत चहा घेताना मी विचारलं, "तुमी ती लाल दोरी वर का बांधली?"

"चाकात आडकंल म्हणून."

"ती मदत मागायची दोरी हाय. माणूस पडल्यावर भुईवर आसतंय, छताला न्हाई."

यांनी कप खाली ठेवला. "तू पडलीस?"

"न्हाई पडले. खुर्ची लांब गेली हुती. मी पंच्यानं ओढून आणली."

"मी दाराशी हुतो. मला हाक का न्हाई मारली?"

"हाक मारली आसती तर तुमी मला परत कवाच कडी लावू दिली नसती."

मग मी सगळंच बोलले. समुद्र नको होता, कडी हवी होती. तुमचं 'झालं का गं' ऐकून मला रोज आपण लहान मूल झाल्यासारखं वाटतं. मला तुमचा राग नाही, पण मला माझं एक दार पाहिजे. बोलता बोलता आवाज चढला. शेजारच्या बाल्कनीतली बाई आत निघून गेली.

हे पाण्याकडे बघत म्हणाले, "त्या दिशी तू आत हुतीस. मी हाका मारत हुतो. मला नुसतं पाणी पडल्यालं ऐकू येत हुतं. तू बोलत न्हवतीस." यांनी कप बाजूला सारला. "मी लय काय काय बघितलंय फौजेत. पर तसलं न्हाई."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, त्या दारापाशी मी एकटीच पडले होते. मी यांचा हात धरला आणि आम्ही दोघं तसेच बसलो. चहा गार झाला.

मग हे उठले आणि दोरी सोडायला न्हाणीत गेले. स्वतःचीच गाठ सुटेना. यांनी दात लावले, जोर केला, आणि दोरी ओढली गेली. कर्कश भोंगा वाजायला लागला. क्षणात दोन माणसं धावत आली. हे तोंडात लाल दोरी धरून उभे. मला इतकं हसू आलं की त्या माणसांना वाटलं, मलाच काहीतरी झालंय.

भोंगा बंद झाल्यावर यांनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "अंदर से बंद हो और ये बोले ही नहीं, तो?" तो माणूस दाराच्या बाहेरच्या बाजूला खाली बसला आणि त्यानं कडीच्या जागी असलेली एक खाच दाखवली. खिशातून नाणं काढून खाचेत घातलं, फिरवलं. कडी उघडली.

झालं. पुढचा तासभर माझी सुटका नाही. मी आत जाऊन कडी लावायची, यांनी बाहेरून नाण्यानं उघडायची. परत लाव. परत उघडली. मी म्हटलं, "आता पुरं, मी काय कैदी हाय?" पण दर वेळी दार उघडल्यावर दिसणारा यांचा चेहरा थोडा थोडा सैल होत होता.

त्यानंतरच्या दिवशी बेट आलं. जहाज लांब उभं राहिलं, कारण किनाऱ्याला पाणी उथळ होतं. लोकांना लहान होड्यांतून नेत होते, आणि त्या होड्यांत चाकाची खुर्ची नेत नाहीत. हे ऑफिसातल्या मुलीनं सांगितलंच नव्हतं आणि माझंही विचारायचं राहून गेलं होतं. हे बाह्या सरसावून म्हणाले, "मी उचलून न्हेतो हिला." मी म्हटलं, "तुमी जावा. बघून या आणि मला सांगा."

"आन तू?"

"मी अंघोळ करते."

यांनी खिशावरून हात फिरवला, नाणं आहे का बघायला, आणि गेले. अपघातानंतर मला एकटीला सोडून ते पहिल्यांदा कुठं गेले असतील.

या वेळी मी दोन्ही ब्रेक लावले. दोरी जमिनीपर्यंत लोंबत होती. कडी लावली, पाणी सोडलं आणि काहीच केलं नाही. नुसती बसले. कुणी खाकरलं नाही. मी मोठ्यानं माहेरचं गाणं म्हटलं, मेंढरं हाकतानाचं, अर्धं विसरलेलं. थोडी रडले. खूप दिवसांनी माझं अंग मला माझं वाटलं. आवरून, केस विंचरून, खोलीचं ते जड दार ओढून मी बाहेर डोकावले, तर हे दाराबाहेर गालिच्यावर मांडी घालून बसलेले. पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि वाळूनं माखलेली.

"आवं! बेट?"

"बघितलं की. पाय भिजवले आन पुढच्याच होडीनं आलो."

"कवापास्नं बसलाय? हाक का न्हाई मारली?"

"झालं की येशील म्हणलं भायेर." मग म्हणाले, "गाणं ग्वाड म्हणतीस गं."

घरी आल्यावर यांनी गवंडी बोलावला. न्हाणीचा उंबरा काढला, दार बाहेर उघडणारं केलं, जमिनीपर्यंत दोरी आणि तिला घंटी बसवली. नाण्यानं उघडणारी कडी मात्र सहज मिळेना. सांगलीतल्या कितीतरी दुकानांच्या काउंटरवर यांनी आपलं ते नाणं खाचेत घालून बघितलं. शेवटी एक पसंत पडली आणि माझ्या हाताच्या उंचीवर बसली. जाऊ गावाहून बघायला आली. "न्हाणीला उंबरा काढला?" म्हणून तिनं गालाला हात लावला. मग जिथं उंबरा होता तिथल्या फरशीवर हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आसू दे. जागा तर हाय."

स्टूल तेवढं होतं तिथंच. हे आता विचारत नव्हते, खाकरतही नव्हते, पण मी आत असले की बाहेर बसून शर्टाच्या खिशातलं नाणं बोटानं उडवायचे. तो बारीक आवाज मला आतपर्यंत ऐकू यायचा. इतकं चालायचंच.

परवा सकाळी अंघोळ झाली, तरी आवाज नाही. मी कडी काढली. स्टूल रिकामं. "आवं!" मी हाक मारली. घरात कुणी नव्हतं. दाराशी यांच्या चपला नव्हत्या. आणि आता काय सांगू, इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं तर मला आधी रागच आला. मला आत सोडून हा माणूस गेलाच कसा?

जरा वेळानं हे आले. हातात दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीची जुडी.

"कुठं गेला हुता?"

"कोपऱ्यावर. दूध संपलं हुतं."

मी यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. खिसा सपाट होता. "आन नाणं?"

"दुकानदाराला सुट्टं पायजे हुतं," हे म्हणाले. "दिऊन टाकलं." आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं, त्यावर बसले आणि कोथिंबीर निवडायला लागले.